कुलाब्याच्या टोकावरील एक प्रयोगशाळा

मुंबईस जाणारी आपली मंडळी महालक्ष्मीचें दर्शन घेतात, राणीची बाग पाहतात आणि परततात. कुलाब्याच्या दक्षिण टोकास समुद्राला लागून असलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेकडे त्यांचीं पावलें सहसा वळत नाहींत. गतवर्षीं विज्ञान दिनाच्या निमित्तानें आम्ही घरांतील पांचसहा जणांसह ती पाहून आलों.

डॉ. होमी भाभा यांनीं ही संस्था १९४५ सालीं स्थापिली. सध्यांच्या वास्तूची कोनशिला पंडित नेहरूंनीं १९५४ सालीं बसविली व १९६२ सालीं त्यांच्याच हस्तें तिचें उद्घाटन झालें. प्रवेशदालनांत चित्रकार हुसेन यांचें प्रशस्त भित्तिचित्र आहे. बाहेर हिरवळ आणि पलीकडे अरबी समुद्र. स्थळ रम्य खरें. परंतु आम्हांस नवल वाटलें तें तेथील लेसर-प्रयोगशाळेचें.

येथील मोठ्या लेसरचा स्पंद अवघा २५ फेम्टोसेकंद टिकतो. सेकंदाचे एक कोटी भाग करून त्यांतील एकाचे पुन्हां दहा कोटी भाग केले, म्हणजे एक फेम्टोसेकंद होतो. प्रकाश सेकंदांत पृथ्वीला सात प्रदक्षिणा घालील. पण एवढ्या अवधींत तो केसाच्या जाडीच्या सुमारें दशांशच पुढें सरकतो. स्पंदांतील ऊर्जा म्हणाल, तर किलोभर वजनाचा तांब्या वीतभर उचलण्यास लागते तितकीच! मात्र ती इतक्या अल्प काळांत बाहेर पडते कीं, तेवढ्यापुरती तिची शक्ति १०० टेरावॅटांच्या घरांत, म्हणजे साऱ्या जगाच्या वीजनिर्मितीच्या कित्येक पट होते.

असा प्रखर स्पंद सरळ वाढवीत नेला, तर वाढविणारा स्फटिकच फुटावयाचा. देवळाच्या अरुंद दारांतून सारी यात्रा एकदम लोटली तर दार मोडेल. रांग लावली तर सर्वजण सुखरूप आंत जाऊन सभामंडपांत पुन्हां एकत्र होतात. तसाच हा स्पंद आधीं लांबवितात, मग वाढवितात आणि शेवटीं पुन्हां आवळतात. ही युक्ति डॉना स्ट्रिकलंड व जेरार मूरू यांनीं १९८५ सालीं काढली. तिच्याबद्दल २०१८ च्या नोबेल पारितोषिकांत त्यांस वांटा मिळाला.

निर्वात पेटींतील काचेच्या वा धातूच्या तुकड्यावर, सुईच्या अग्राहूनही लहान बिंदूंत, हा स्पंद पडतो. तत्क्षणीं अणूंतील इलेक्ट्रॉन सुटे होतात, आणि पदार्थाला पसरावयास सवड मिळण्यापूर्वींच त्याचा लक्षावधि अंश तप्त प्लाझ्मा बनतो. धावत्या इलेक्ट्रॉनांमुळें तेथें कोट्यवधि गॉसचें चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होतें. पृथ्वीचें क्षेत्र अर्ध्या गॉसच्या आसपास आहे. मागोमाग पाठविलेला दुसरा, सौम्य स्पंद या घडामोडीची वार्ता घेऊन परततो. याच रीतीनें जी. रवींद्रकुमार व त्यांचे सहकारी यांनीं त्या क्षेत्रांतील खळबळ पाहिली व २०१२ सालीं प्रसिद्ध केली. ताऱ्यांपाशीं कोणास जातां येत नाहीं. म्हणून तेथील पदार्थाच्या अवस्थेचें लहानसें प्रतिरूप येथें घडवून अभ्यासावयाचें.

आमच्या वहिनींनीं तेथेंच विचारलें, “भावोजी, याचा संसारांत उपयोग काय?” अणुसंमीलनानें ऊर्जा मिळविण्याच्या प्रयत्नांस या ज्ञानाचें साहाय्य होतें, असें आम्हीं सांगितलें. परंतु त्यांच्या प्रश्नाचें मूळ निराळें होतें. त्यांची नात भौतिकशास्त्रांत संशोधन करूं म्हणते, आणि घरांतील वडील मंडळींचा आग्रह ‘आधीं पक्की नोकरी’ असा आहे. तिच्याहून थोड्याच मोठ्या मुली तेथें शांतपणें यंत्राचे आरसे जुळवीत होत्या. फलाची वाट न पाहतां अध्ययन करावें, असें आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलों. मग घरांतील मुलगी तेंच करूं लागली असतां तिला अडविण्याचें कारण आम्हांस तरी दिसत नाहीं. वहिनी यावर कांहीं बोलल्या नाहींत; पण परतीच्या वाटेवर नातीला त्यांनींच आपल्याजवळ बसविलें आणि तो स्पंद पुन्हां एकदां समजावून सांगावयास लावला.