हर्णैचा बर्फ आणि डागी आंबे

दापोलीला लोक मिनी महाबळेश्वर म्हणतात. मे महिन्यातही तिथली सकाळ सुखाची असते. पण हर्णैच्या रस्त्याला लागून आसूदचा उतार संपला, नारळी-पोफळीच्या वाड्या मागे पडल्या, की दमट उकाडा अंगाला चिकटतो आणि पाठोपाठ सुक्या मासळीचा वास येतो. मग समुद्र दिसतो आणि त्यात उभा असलेला सुवर्णदुर्ग. पुण्याहून एसटीने येणाऱ्या आमच्या मुलांना मात्र किल्ल्यापेक्षा बंदरावरच्या बर्फाची ओढ जास्त.

हर्णै बंदरावर दुपार कलली की मासळीचा लिलाव सुरू होतो. होड्या किनाऱ्यापासून थोड्या दूर उभ्या राहतात आणि कमरेएवढ्या पाण्यातून मासळी किनाऱ्यावर येते. वाळूवर सुरमई, पापलेट, कोळंबीचे ढीग लागतात. कोळी आणि मुसलमान मच्छीमार, खरेदीला आलेल्या बायका, व्यापारी, पर्यटक, सगळ्यांचा एकच गलका. या सगळ्या व्यवहाराच्या मुळाशी असतो बर्फ. लाद्या येतात, यंत्रात घालून त्यांचा चुरा होतो, तो टोपल्यांतून होड्यांवर आणि मासळीच्या पेट्यांत जातो. बर्फ नाही तर मासळी नाही.

१ जूनपासून पावसाळी मासेमारीबंदी लागते. होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात आणि बंदर सुने होते. म्हणजे झाडावरचा आंबा, बंदरावरचा बर्फ आणि सुट्टीला आलेली मुले, ही तीन्ही एकत्र सापडण्याचे दिवस थोडेच, मे महिन्याच्या शेवटापर्यंतचे. आमच्या खालांचे आइस्क्रीम त्याच दिवसांत होते.

खाला म्हणजे आमच्या घरातल्या अम्मींची धाकटी बहीण. आंजर्ल्याच्या खाडीच्या अलीकडे एका मोहल्ल्यात त्यांचे कौलारू घर आहे. दोन्ही मुलगे कुवेतला. घरात खाला आणि कामाला येणारी एक बाई, एवढीच माणसे. मागे आंब्याची वाडी. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि त्याचा तडाखा दापोली-मंडणगडलाही बसला. खालांच्या वाडीतली सतरापैकी अकरा कलमे त्या दिवशी आडवी झाली. काही त्यांच्या सासऱ्यांनी लावलेली होती. घराची कौले उडाली ती महिन्याभरात बसली. वीज यायला त्याहून जास्त दिवस लागले. फ्रीज बंद पडला तो कायमचाच. मुलांनी नवा पाठवला, पण पावसाच्या तोंडावर वीज कधी जाईल याचा भरवसा नाही, म्हणून खाला त्याच्यावर विसंबत नाहीत.

उरलेल्या सहा झाडांचे चांगले फळ व्यापारी पेट्या भरून नेतो. निवड करताना तो एक एक आंबा हातात फिरवतो आणि डाग पडलेला, देठाशी चिरलेला, पडून मऊ झालेला बाजूला टाकतो. हा डागी आंबा. त्याला भाव नाही. पण वरच्या सालीवर डाग असला म्हणजे आत गोडी नाही असे थोडेच आहे? खाला तो ढीग पडवीत आणतात आणि गवताच्या अढीत वेगळा पिकवतात. त्यातूनच मुरंबा, साठे आणि आइस्क्रीम होते. अन्न वाया घालवायचे नाही, हे त्यांनी कधी बोलून दाखवले नाही. आमच्या मुलांनी ते त्या ढिगाजवळ बसूनच शिकले.

त्या दिवशी जुहरनंतर तयारी सुरू झाली. सकाळीच एक लिटर म्हशीचे दूध मंद आचेवर आटवून निम्मे केले होते आणि गरम असतानाच त्यात दीड पाव साखर विरघळवली होती. कोकणात पाव म्हणजे पाव किलो, पण खालांचा पाव म्हणजे त्यांची पितळी वाटी. आम्ही नंतर मोजले तर साखर जवळजवळ दीडशे ग्रॅम भरली. दूध पूर्ण गार होऊ दिले. मुलांनी आंबे माचून रस काढला, अर्धा किलो. हापूस कापला की कधी कधी आत पांढरट, आंबूस, स्पंजासारखा भाग निघतो. त्याला साका म्हणतात. तो बाहेरून दिसत नाही आणि थोडासा जरी रसात गेला तरी चव बिघडते, म्हणून खाला प्रत्येक आंबा आधी कापून बघतात आणि मगच पातेल्यात घेतात. रस, गार दूध, वाटीभर साय आणि चिमूटभर मीठ एकत्र करून गाळून घेतले. गाळल्याने रेषा निघून जातात.

आता बर्फ. बंदरावरून गोणपाटात गुंडाळून अर्धी लादी आणली होती. इथे एक गोष्ट वाचक भगिनींनी नीट लक्षात ठेवावी. मासळीसाठीचा बर्फ खाण्याचा नसतो. अखाद्य बर्फ ओळखता यावा म्हणून त्याला निळसर रंग देण्याचा नियमही २०१८ मध्ये महाराष्ट्रात झाला. आपल्या कामात हा बर्फ डब्याच्या बाहेरच राहतो, पण झाकण सैल असेल तर खारट, अस्वच्छ पाणी आत शिरते. म्हणून खालांचा डबा ॲल्युमिनियमचा, घट्ट झाकणाचा, कडीचा आहे. तो दोन तृतीयांशच भरायचा. झाकण काढण्याआधी ते आणि डब्याचा गळा फडक्याने पुसायचा, हा त्यांचा कडक नियम. नंतर हात धुऊनच डाव धरायचा.

मोठ्या बादलीच्या तळाशी ठेचलेल्या बर्फाचा थर, त्यावर मूठभर खडे मीठ, मधोमध डबा, मग भोवती पुन्हा बर्फ आणि मीठ, असे डब्याच्या गळ्याखालपर्यंत. चार किलो बर्फाला साधारण एक किलो मीठ. बादलीला बाहेरून गोणपाट गुंडाळले. मग मुले आळीपाळीने बसली. कडी धरून डबा अर्धा वळसा इकडे, अर्धा वळसा तिकडे फिरवायचा. दर दहा मिनिटांनी झाकण पुसून उघडायचे, कडेला जमलेला थर लाकडी कालथ्याने खरवडून मध्ये ढकलायचा, घोटायचा आणि पुन्हा झाकायचे.

आमच्या शाळेतल्या मुलाने विचारला असता तोच प्रश्न धाकटीने विचारला: "मीठ कशाला? बर्फ गारच आहे की." तिला फळा-खडू न घेता उत्तर द्यायचे होते. नुसता वितळणारा बर्फ शून्य अंशावर असतो, त्याहून गार होत नाही. पण साखर आणि फळाचा रस मिसळलेले दूध शून्यावर गोठत नाही, त्याला दोन-तीन अंश तरी खाली जावे लागते. म्हणजे नुसत्या बर्फात डबा दिवसभर फिरवला तरी आत सरबतच राहणार. मीठ पडले की बर्फ शून्याच्या खालीही वितळू लागतो आणि वितळायला लागणारी उष्णता शेजारच्या डब्यातून ओढून घेतो. मीठ-बर्फाचे मिश्रण अगदी नेमक्या प्रमाणात उणे एकवीस अंशांपर्यंत उतरू शकते. बादलीत तेवढे नाही, तरी शून्याखाली दहा-बारा अंश सहज जाते. म्हणूनच डबा धातूचा हवा. प्लास्टिक ही उष्णता चटकन जाऊ देत नाही. आणि म्हणूनच लहान मुलांना त्या खाऱ्या बर्फात हात घालू द्यायचा नाही, कातडी भाजल्यासारखी होते.

ही युक्ती आपल्याकडे नवी नाही. अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त बादशहाच्या आबदारखान्याची हकिकत दिली आहे. तिथे पाण्याची सुरई शोरा विरघळवलेल्या पाण्यात हलवून गार करत. पुढे १५८६ च्या सुमारास दरबार लाहोरला असताना उत्तरेच्या डोंगरांतून बर्फ येऊ लागला. शोरा पाण्यात विरघळताना उष्णता ओढतो, मीठ बर्फ वितळवताना ओढते. दोन्हींत काम एकच. कुल्फीचे नावही मोठे गमतीचे आहे. अरबीत कुफ्ल म्हणजे कुलूप. झाकण लावून बंद केलेल्या साच्यातली ती कुल्फी, आणि आपल्या दाराला लागते ते कुलूप. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवताना अशा बहिणी भेटल्या की आम्हाला मनापासून आनंद होतो.

पाऊण तासाने डबा फिरेनासा झाला. कालथा आत उभा राहू लागला. खालांनी बादलीतले थोडे पाणी काढले, नवा बर्फ आणि मीठ भरले, वरून गोणपाटाची घडी टाकली आणि म्हणाल्या, "आता असरची नमाज होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही." तो तासभराचा आराम फार महत्त्वाचा. त्यात आइस्क्रीम बसते, घट्ट होते. बाजारच्या आइस्क्रीममध्ये यंत्राने हवा मिसळलेली असते, म्हणून ते हलके लागते. घरचे जड, दाट आणि लवकर वितळणारे. त्यात जिलेटिन कशाचे, दुधाऐवजी तेल तर नाही ना, हे प्रश्नच उरत नाहीत. जे घातले ते आपल्या हाताने घातलेले असते.

आंब्याची जागा दुसरी फळेही घेतात, पण प्रत्येकाचा स्वभाव ओळखावा लागतो. चिकू आणि सीताफळ दुधाशी सहज जमवून घेतात. बरक्या फणसाचा रस गाळून घेतला तर सुगंधी आइस्क्रीम होते, काप्याचे मात्र तुकडेच घालावे. अननस कच्चा घातला तर दूध कडवट होऊन फाटते. तो आधी साखरेत पाच-दहा मिनिटे शिजवून गार करावा. जांभूळ, करवंद आणि कोकम आंबट. ती दुधात न घालता साखरेच्या पाकात मिसळून गोठवावीत. हे गोठवलेले सरबतच. युरोपात ज्याला सॉर्बे म्हणतात तो शब्द आपल्या शरबताच्याच घराण्यातला आहे.

ज्यांच्याकडे फ्रीज भरवशाचा आहे त्यांना बादलीची गरज नाही. हेच मिश्रण पसरट स्टीलच्या डब्यात दोन बोटे उंचीपर्यंत ओतून बर्फाच्या कप्प्यात ठेवावे. पाऊण तासाने कडा गोठू लागल्या की काट्याने किंवा रवीने चांगले घोटावे, आणि पुढे दर अर्ध्या तासाने तीन-चार वेळा तेच करावे. या घोटण्याने बर्फाचे मोठे खडे मोडतात. आळस केला तर दाताखाली बर्फ करकरतो. शेवटी वरून कागद चिकटवून झाकण लावावे आणि वाढण्यापूर्वी दहा मिनिटे बाहेर काढून ठेवावे. याहून सोपे म्हणजे आंब्याच्या फोडी रात्रभर गोठवून सकाळी थोड्या सायीबरोबर मिक्सरमधून काढणे. ते लगेच खाऊन संपवावे.

असर झाली तेव्हा पडवीत एक पाहुणा येऊन बसला होता. जमिनीचा दलाल. समुद्राजवळच्या वाड्यांना आता पर्यटनामुळे गिऱ्हाईक आहे, आणि खालांच्या वाडीवर दोन-तीन जणांचा डोळा आहे. मुलगेही फोनवर म्हणतात, अम्मी, एकटी किती सांभाळशील? त्यांचे म्हणणे अगदीच चूक नाही. सहा झाडांच्या उत्पन्नात फवारणी, राखण आणि मजुरी भागत नाही, हे खालाही जाणतात. त्यांनी दलालापुढे पहिली वाटी ठेवली. त्याने आकडा सांगितला. आकडा मोठा होता. खाला म्हणाल्या, "मुलं डिसेंबरात येतील तेव्हा बोलू. आधी हे खाऊन घ्या, वितळेल." त्याने खाल्ले, आणखी अर्धी वाटी मागून घेतली आणि निघून गेला. त्यावर घरात कोणीच काही बोलले नाही.

दस्तरखान पसरला. शेजारची मुले आली, मशिदीचे मौलाना आले, काम करणारी बाई आपल्या दोन्ही नातवंडांना घेऊन आली. रंग केशर न घालता केशरी, चव हापूसची आणि आटीव दुधाची. डबा दहा मिनिटांत रिकामा झाला.

मग बादली उरली, खारट पाण्याने भरलेली. थोरला ती उचलून मागच्या दाराने निघाला तेव्हा खालांनी त्याला थांबवले. आडव्या झालेल्या झाडांच्या जागी त्यांनी पुढच्या पावसाळ्यात आठ नवी कलमे लावली आहेत, त्यांतली दोन रत्ना जातीची. कोकण कृषी विद्यापीठाच्या या जातीत साका होत नाही, म्हणून मुद्दाम मागवलेली. मिठाचे पाणी कलमांच्या आळ्यात गेले तर मुळे जळतात. खालांनी मुलांना दोघांना बादलीची एक एक बाजू धरायला लावली आणि रस्ता ओलांडून खाडीच्या खाऱ्या पाण्यात ओतून यायला सांगितले. बरेच लांब होते. मुले कुरकुरली, पण गेली. परत आल्यावर खालांनी त्यांना वाडीत नेऊन एक कलम दाखवले. यंदा त्याला पहिल्यांदा फळ धरले होते, तीन आंबे, अजून हिरवे.