अकीक

आजीच्या बोटात तांबड्या अकीकाची अंगठी असे. घरात कुणाचा घोळणा फुटला की ती अंगठी उतरवून त्याच्या कपाळाला टेकवी. अकीक रक्त थांबवतो, संताप शमवतो, ही समजूत फार जुनी आणि अनेक देशांत पसरलेली. आजीपर्यंत ती कशी आली, हे विचारायचे राहून गेले.

पुढे गुजरातेत लोथल पाहताना ती अंगठी आठवली. तिथे उत्खननात मणी घडवण्याची कार्यशाळा आणि भट्टी सापडली आहे. हा दगड खाणीतून पुष्कळदा मळकट रंगाचाच निघतो. मंद आचेवर भाजला की त्यातल्या लोहामुळे लाल होतो. म्हणजे ज्या रक्तवर्णावर सारी श्रद्धा, तो बहुधा भट्टीचा! सिंधू संस्कृतीतले असे मणी साडेचार हजार वर्षांपूर्वी मेसोपोटेमियातल्या ऊरच्या राजकबरींपर्यंत पोहोचले होते.

रतनपूरचा अकीक खंबायतला घडवण्याची परंपरा आजही टिकून आहे. तिथे घरोघरी दगड घासताना उडणारी सिलिकाची धूळ कारागिरांच्या फुप्फुसांत साचते. सिलिकोसिस बरा होत नाही. क्षयाला मात्र वाट करून देतो. शेजारीपाजारीही त्यातून सुटत नाहीत. रत्नांचे गुण सांगणाऱ्या पुस्तकांत अकीकाचा हा गुण मला कुठे आढळला नाही.

अंगठी आता माझ्याकडे आहे. परवा मुलीचा घोळणा फुटला. एका हाताने मी तिचे नाक चिमटीत धरले आणि दुसऱ्या हाताने खणात अंगठी चाचपू लागले.