वाशांचा वास

कोकणात मातीच्या घरात वाढलेल्या आमच्या पिढीला मे महिना दोन वासांनी आठवतो. खाली पडवीत आंब्याची अढी आणि वर माळ्यावर काजूच्या टरफलांचं तेल. शाकारणीला कौलं उतरली की वासे उघडे पडत. तेवढ्यात आजोबा ते काळं, दाट तेल काथ्याच्या कुंचल्याने वाशांना नि चौकटींच्या पायांना फासून घेत. वाळवी लागू नये म्हणून. कुणी करंजेल लावी, कुणी उंडेल. सागाला वाळवी सहसा शिवत नाही, पण अख्खं घर सागाचं होतं कुणाचं? आमच्या माळ्याच्या फळ्या आंब्याच्या, म्हणजे वाळवीला मेजवानीच.

काजूच्या तेलाला हात लावण्याआधी कोपरापर्यंत खोबरेल चोपडायचं, हा नियम. एका वर्षी मी घाईत तो मोडला. तळव्यांना फोड आले, साल निघाली आणि आठवडाभर आईने भरवलं. चुलत भावंडं अजून चिडवतात.

आजीचा कारभार वेगळा. तिच्या ट्रंकेत वाळ्याच्या जुड्या, पोथ्यांच्या रुमालात वेखंडाचा तुकडा. दर दिवाळीला जुन्या जुड्या काढून नव्या घालायची. वास गेला की राखण गेली, एवढंच ती म्हणे. तरी एकदा घात झालाच. भिंतीच्या फडताळातली पांडवप्रतापाची पोथी श्रावणात काढली, तर पुठ्ठा शाबूत आणि आत पानांच्या जागी ओली माती. बोट लावलं तिथे खड्डा पडला. मातीच्या नळीतून चार-दोन पांढुरके किडे बाहेर आले आणि उजेड बघून परत आत शिरले. आजी त्या दिवशी जेवली नाही.

मग घरोघरी गॅमेक्सिनची पावडर आली, पाठोपाठ पायात ओतायची औषधं. त्यातलं ऑल्ड्रिन 1996 साली देशात बंद झालं. त्या पावडरीवर आम्ही अनवाणी खेळलोय, हे आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

आजीचा वाळा पुढे मला भलत्याच ठिकाणी भेटला. अमेरिकेत लुइझियानातल्या संशोधकांनी आठ सुगंधी तेलं तिथल्या वाळवीवर तपासली होती. 2001 साली ते छापून आलं. वाळवी मारण्यात लवंगेचं तेल सरस, पण तिला दूर ठेवण्यात वाळ्याचं, कारण ते सावकाश उडतं. गवती चहा, निलगिरी त्याच्या मागे. लवंग आमच्याकडे मसाल्याच्या डब्यात मोजून असे, ती वाळवीवर कोण उधळणार? वाळा मात्र विहिरीच्या पाटाकडेला फुकट उगवायचा.

पण वाळ्याने वारूळ हटत नाही, हेही खरं. राणी जमिनीत खोल बसलेली. वासाने हुसकलेली वाळवी वाशावरून उठते आणि चौकटीत बसते. म्हणून तर आजोबांचं तेल आणि आजीच्या जुड्या दरवर्षी.

आता आमचं घर स्लॅबचं आहे, माळाच नाही. तरी गेल्या पावसाळ्यात पुस्तकांच्या कपाटामागे मातीची एक नळी निघाली. तुमचंही कपाट भिंतीला टेकलेलं असेल, तर जूनच्या आत वीतभर पुढे ओढून बघा. आणि काजूचं तेल लावणार असाल, तर आधी खोबरेल.