मामांचा एक जोर

गेल्या दिवाळीत मुकुटबनला मामांकडे गेलो होतो. आकाशकंदील टांगायला स्टुलावर चढलो, आणि उजवा हात कानापर्यंत जाऊन अडला. अशी कळ आली की कंदील अंगणात पडला आणि मी स्टुलावर नुसता उभा! पुण्याच्या डॉक्टरांनी पूर्वीच तपासून सांगितले होते, "हाड शाबूत आहे, स्नायू दुबळे झालेत. व्यायाम करा." पण असला सल्ला घरी पोहोचेपर्यंत विसरावा, हा आम्हां कारकुनांचा जुना रिवाज.

मामांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे. तरुणपणी ते अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकले. वैद्य बंधूंनी १९१४ साली काढलेल्या या संस्थेचे पथक १९३६ च्या ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनला जाऊन आपले खेळ दाखवून आले, ही हकीकत मामा घरच्या लग्नासारखी रंगवून सांगतात.

त्यांनी माझ्या पाठीवर तळवा ठेवला. "दुखते खांदा, पण चोर मागं हाये, बाबू. तुहा खवाटा हालतच नाही!"

आणि ते खरेच होते. खांद्याची खोबणी असते ती खवाट्याच्याच हाडात. हात डोक्यावर नेताना साधारण दोन तृतीयांश काम सांधा करतो, उरलेले खवाटा. टेबलावर वाकून वाकून तो आळसावला, की सगळा भार सांध्यावर पडतो.

"मग जोर काढू?" मी भीतभीतच विचारले.

"काढ. भिंतीवर!"

छातीच्या उंचीला तळवे भिंतीवर टेकायचे. कोपरे न वाकवता छाती सैल सोडायची, म्हणजे खवाटे जवळ येतात. मग भिंत दूर लोटायची, म्हणजे ते बरगड्यांवरून पुढे सरकतात. असे दहा वेळा. कळ आली तर थांबायचे. ते जमल्यावर कोपरे वाकवून, पण फार न फाकवता. पुढे पलंगाच्या कडेवर, मग गुडघे टेकून, आणि सर्वांत शेवटी जमिनीवरचा जोर. माझा पहिला जोर संक्रांतीनंतर पुण्यात निघाला!

निघायच्या दिवशी मी थट्टेने विचारले होते, "मामा, या वयात कुस्ती धरायची आहे का?"

ते काही बोलले नाहीत. आत गेले. अर्धांगाने दोन वर्षे अंथरुणावर असलेल्या मामींच्या पाठीखाली त्यांनी हात घातला आणि फुलासारखे उचलून त्यांना तक्क्याला टेकवून बसवले. दिवसातून चार वेळा ते हे करतात. माझी थट्टा माझ्याच घशात अडकली.

उन्हाळ्यात पुन्हा गेलो. एका सकाळी मामींना उठवून बसवले ते मी. मामा दारात उभे राहून माझ्या पाठीकडे पाहत होते.

"हालला," एवढेच म्हणाले, आणि चहा ठेवायला आत गेले.