ऑपरेशन झालं, आता चालवणार कोण?

आपल्याकडे हाड मोडलं की पहिला प्रश्न ठरलेला, "डॉक्टर कोण आहे?" प्रश्न बरोबर आहे, पण अर्धाच. उरलेला अर्धा असा, की ऑपरेशननंतर पेशंटला उभं कोण करणार?

गेल्या वर्षी माझी आत्या मोरीत घसरली. वय ७६, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन उत्तम झालं, सर्जनच्या हाताला तोड नाही. पाचव्या दिवशी घरी सोडलं. कागदावर गोळ्या आणि खाली एक ओळ, "चालवणे". कसं, किती, त्या पायावर भार द्यायचा का, काही नाही. तिथं फिजिओथेरपिस्टची जागा रिकामीच होती. घरात सगळ्यांना धास्ती, आतला रॉड हलला तर? आत्या तीन आठवडे खाटेवर. पाठीला जखम झाली, मांडी वाळली, जेवण तुटलं.

मग तालुक्याहून एक फिजिओथेरपिस्ट ताई येऊ लागली. तिनं खाटेखाली विटा लावून उंची वाढवली, वॉकरची मूठ मनगटाच्या रेषेत आणली, वहिनीला धरायचं कसं ते शिकवलं. दंडाला धरून ओढायचं नाही, एवढंसुद्धा आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. दीड महिन्यात आत्या ओट्यावर येऊन बसली.

म्हणजे बघा, हाड जोडणं हे एका माणसाचं काम, पण माणूस चालता करणं हे चौघा-पाचांचं. बीपी, शुगर सांभाळून पेशंटला लवकर ऑपरेशनला तयार करणारा फिजिशियन. कूस बदलणारी, जखम बघणारी नर्स. दुसऱ्या दिवसापासून उभं करणारा फिजिओ. खाण्यात प्रथिनं किती हे सांगणारं कुणीतरी. आणि शेवटचा, सगळ्यात जास्त विसरला जाणारा मुद्दा: उभ्या-उभ्या पडून हाड मोडलं, म्हणजे मुळात हाडं ठिसूळ झालीत. त्याचा इलाज झाला नाही तर पुढची पाळी दुसऱ्या खुब्याची.

इंग्लंडमध्ये हे नुसतं सांगून भागलं नाही, तेव्हा त्यांनी ते पैशाला बांधलं. २०१० मध्ये तिथल्या सरकारी दवाखान्यांना खुब्याच्या फ्रॅक्चरसाठी जादा रक्कम मिळू लागली ती अटींवर. ३६ तासांत ऑपरेशन आणि ७२ तासांत म्हाताऱ्यांच्या आजारांच्या तज्ज्ञानं तपासणं, या त्यातल्या दोन. नुसतं ऑपरेशन केलं म्हणून जादा पैसे नव्हते.

आपल्याकडे महात्मा फुले जन आरोग्य योजनेमुळे गरिबाचं ऑपरेशन होऊ लागलं, हे मोठंच काम आहे. पण घरी गेल्यावर पेशंट चालला का, हे विचारणारं कुणी नको?

सरकारी दवाखान्यांना रुग्ण कल्याण समिती असते. तिच्यावर आपल्याच ओळखीची माणसं असतात. त्यांना तीन गोष्टी विचारा. फिजिओथेरपिस्टची जागा भरलेली आहे का? घरी सोडताना नातेवाइकांना व्यायाम करून दाखवतात का? पंधरा दिवसांनी पेशंटला फोन जातो का?

यंत्र नको, नवी इमारत नको. माणसं लागतात, आणि ती एकमेकांशी बोलायला लागतात. तुमच्या तालुक्यात काय परिस्थिती आहे, खाली लिहा. सगळं एकत्र करून निवेदन देऊ.