बेडसे : दोन महायुद्धांमधला मावळ

बेडसे येथील चैत्यगृहाच्या स्तंभशीर्षांवर घोडे, हत्ती, बैल आणि त्यांवर आरूढ झालेली स्त्रीपुरुषांची जोडपी सुमारे दोन हजार वर्षे तशीच आहेत. डोंगराखालच्या मावळात मात्र दोन महायुद्धांच्या दरम्यान फारसे काही जागेवर राहिले नाही. लोणावळ्याच्या तळ्यांतील पाण्यावर १९१५ पासून खोपोलीस वीज निर्माण होऊ लागली आणि ती मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. विजेची मागणी वाढताच लगतच्या मुळशीत धरण आले. १९२१ साली तेथील शेतकरी ‘जान किंवा जमीन’ म्हणत सत्याग्रहास उभे राहिले, सेनापती बापटांनी तुरुंगवास भोगला, धरण झालेच. १९२९ नंतरच्या मंदीत धान्याचे भाव कोसळले, सारा मात्र रोखीनेच भरावयाचा होता. शेतकऱ्याला उरला सावकार, नाही तर गिरणी. आणि गिरण्याही १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपातून नुकत्याच बाहेर पडलेल्या.

याच काळात मराठी मध्यमवर्गातील काहींना इटलीतील शिस्तीची भुरळ पडली. १९ मार्च १९३१ रोजी डॉ. बा. शि. मुंजे रोममध्ये मुसोलिनीला भेटले, बालिल्ला ही तेथील बालयुवकांची लष्करी वळणाची संघटना त्यांनी पाहिली. १९३७ साली नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल निघाले. सैनिकी बाण्यासाठी शिवकालातला मावळा हवासा वाटावा आणि हयात मावळ्याची जमीन पाण्याखाली जावी, हा विरोधाभास त्या पिढीला फारसा बोचलेला दिसत नाही. मामा वरेरकरांच्या ‘धावता धोटा’मध्ये (१९३३) गिरणगाव कादंबरीत आले. धरणाने उठवलेला शेतकरी मात्र त्या काळच्या कादंबरीत शोधावाच लागतो.