स्लाइड नंबर १४

ऑफिसात मला सगळे 'प्रोटीनवाली' म्हणतात. पुण्यातल्या एका कंपनीत मी औषध कंपन्यांसाठी शास्त्रीय लेखांचे सारांश आणि प्रेझेंटेशन्स करते. एसी, कॉफी मशीन, डेडलाइन... तुमचं असतं तसंच सगळं. २०२३ च्या पावसाळ्यात माझ्या गळ्यात एक प्रोजेक्ट पडला. विषय : ॲक्वापोरिन्स आणि ब्रेस्ट कॅन्सर.

घाबरू नका, क्लास घेत नाहीये! थोडक्यात सांगते. आपल्या प्रत्येक पेशीचं आवरण तेलकट असतं. त्यातून पाणी झिरपतं, पण फार हळू. मग घाम, अश्रू, दूध इतक्या भराभर कसं तयार होतं? पीटर ॲग्रे या अमेरिकन शास्त्रज्ञाला याचं उत्तर रक्तातल्या तांबड्या पेशींत सापडलं. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तिथलं एक प्रोटीन बेडकाच्या अंड्यांत तयार करवलं आणि ती अंडी पातळ पाण्यात ठेवली. साधी अंडी तशीच राहिली. प्रोटीनवाली टम्म फुगून फटाफट फुटली! हे १९९२ मध्ये छापून आलं आणि २००३ मध्ये ॲग्रेला नोबेल मिळालं. हे प्रोटीन म्हणजे पाण्याचं दार. अशा एका दारातून सेकंदाला सुमारे ३०० कोटी पाण्याचे कण जातात. माणसात या दारांचे १३ प्रकार आहेत.

मला मात्र हे वाचताना आमचा तलाव दिसत होता. मी सावलीची. चंद्रपूर जिल्ह्यात मूलवरून गडचिरोलीकडे निघालात की वाटेत लागतं ते. धानाचा मुलूख. आमच्याकडे मामा तलाव आहेत, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. तलावाला पाळ असते आणि शेताला पाणी सोडायला तुडुम. तुडुम उघडली की बांध्या भरतात. पेशीचंही तसंच की, म्हटलं.

आईचं दूध जवळजवळ ८७ टक्के पाणीच असतं. उंदरांवरच्या अभ्यासात, दूध पाजण्याच्या काळात एक प्रकारची दारं रक्ताच्या बारीक नळ्यांवर दिसली आणि दुसऱ्या प्रकारची दूध बनवणाऱ्या पेशींवर. इथवर सगळं छान. पण कॅन्सरची पेशीही हीच दारं वापरते. पुढच्या टोकाला पाणी आत घ्यायचं, ते टोक फुगवायचं आणि पुढे सरकायचं, असं मानलं जातं. ॲक्वापोरिन-५ हे दार ज्या गाठींत जास्त असतं, त्यांचा संबंध काखेतल्या गाठींपर्यंत पसरण्याशी दिसला, असं २०११ च्या एका अभ्यासात आहे. ती माझी स्लाइड नंबर १४. क्लायंट खूश, बॉस खूश, मीही खूश.

दिवाळीला घरी गेले. माय वरच्या फळीवरचा डबा काढत होती. उजवा हात अर्ध्यावर थांबला आणि तिने डावा वर केला. एवढंच. रात्री भांडी घासताना मी विचारलं, ''माय, हाताला काय झालं?''

''काही नाही बाई.'' मग बऱ्याच वेळाने, नळाच्या आवाजात, ''छातीत गाठ हाय लहानशी. दुखत नाही, मंग कायले दाखवाचा?''

''कधीपासून?''

''रोवण्याच्या आधीपासून.''

म्हणजे पाच महिने! आधी रोवणा संपू दे म्हणाली, मग निंदण आलं, मग दिवाळी. आता कापणी आणि चुरणा झाला की दाखवणारच होती म्हणे.

मला तिचा राग आला, पण खरा राग माझाच. त्याच पाच महिन्यांत मी ते प्रेझेंटेशन करत होते. 'ब्रेस्ट' हा शब्द मी शेकडो वेळा टाईप केला असेल. दर रविवारी फोन. पाऊस आहे का? पऱ्हे लागले का? तिच्या शरीराबद्दल एक प्रश्न नाही. आमच्या घरात त्या अवयवाला नावच नाही. 'छाती' म्हणायचं, तेही नळ चालू असताना.

आणि हे फक्त आमच्या घरचं नाही. वैनगंगेपलीकडे गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या होत्या. १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्या पाहणीत ९२ टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग निघाला. आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या किती? जेमतेम ८ टक्के.

चुरण्याची वाट न पाहता तिला नागपूरला नेलं. बायोप्सी, रिपोर्ट. कॅन्सर होता आणि काखेतल्या दोन गाठींपर्यंत गेला होता. रिपोर्ट हातात घेऊन मी कॉरिडॉरमध्ये उभी आणि डोळ्यांसमोर काय? स्लाइड नंबर १४. त्यातला बाण मीच किती कौतुकाने लाल केला होता!

मी डॉक्टरांना ॲक्वापोरिनचं विचारलंच. त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाल्या, उपचार ठरतात ईआर, पीआर आणि हर-टू या तपासण्यांवर. तुमची पाण्याची दारं अजून प्रयोगशाळेतच आहेत. ऑपरेशन झालं, किमो झाली. केस गेले, आले. एकदा सलाईन चालू असताना मी मायला ते सगळं तुडुमाच्या भाषेत समजावलं. तिने नीट ऐकून घेतलं.

''मंग ते तुडुम दुरुस्त कराचा औषध हाय का?''

''अजून नाही.''

''बरं. करा मंग लवकर,'' म्हणाली आणि डोळे मिटले.

तोवर काय? टाटा मेमोरियलने मुंबईत १९९८ पासून दीड लाखाहून जास्त बायकांवर एक मोठा अभ्यास केला. मोठं मशीन नाही. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासत. २०२१ मध्ये निकाल आला : गाठी लवकरच्या टप्प्यात सापडल्या आणि पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. नुसत्या शिकलेल्या हाताने! उलट भारतात २०२२ या एका वर्षात या आजाराने सुमारे ९८ हजार बायका गेल्याचा अंदाज आहे. बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, हे खरं. पण दुखत नाही म्हणून ती साधी, असंही नसतं. हे दाखवल्याशिवाय कळत नाही.

गेल्या रोवण्याला माय बांधीवर गेली. काम झेपत नाही, नुसती धुऱ्यावर बसली. आणि तिथे बसून तिने सगळ्या बायांना स्वतःची गोष्ट सांगितली. मोठ्याने. त्यांतली एक दुसऱ्याच आठवड्यात गडचिरोलीला जाऊन दाखवून आली. साधी गाठ निघाली. मायने मला हे फोनवर असं सांगितलं, जणू धानाला बोनस मिळाला!

या रविवारी घरी फोन कराल, तेव्हा 'जेवलीस का'च्या पुढे एक प्रश्न जास्त विचारा. शब्द अडेल. माझाही अडला होता. तरी विचारा.